परसातील बेरी : सिल्वासाच्या हवेत लागवड, निगा आणि साठवण

बेरी हा शब्द आपल्या बोलण्यात स्ट्रॉबेरीच्या पाठोपाठ आला. त्यामुळे बेरी म्हणजे थंड हवेतले, तांबडे आणि महागडे फळ अशी एक समजूत होऊन बसली आहे. वनस्पतिशास्त्राला ही समजूत मान्य नाही. एका फुलातील एकाच किंजपुटापासून तयार झालेले, सालीच्या आत सगळा मऊ गर असलेले आणि ज्याच्या बिया त्या गरातच रुतलेल्या असतात, अशा फळाला शास्त्रात मृदुफळ म्हणजे बेरी म्हणतात. या व्याख्येने वांगे, टोमॅटो, मिरची, द्राक्ष, पेरू, केळे, चिकू आणि कोकम ही सर्व मृदुफळे ठरतात. स्ट्रॉबेरी मात्र ठरत नाही. तिचा जो तांबडा गर आपण खातो तो फुगलेला पुष्पासन होय, आणि पृष्ठभागावर ज्यांना आपण बिया म्हणतो ती खरे पाहता एकेक स्वतंत्र फळे, म्हणजे कृत्स्नफळे आहेत. तुतीची गोष्ट आणखी निराळी. तिचा प्रत्येक मणी वेगळ्या फुलापासून झालेला असतो, म्हणजे तुती हे संपूर्ण फुलोऱ्याचे मिळून एक संयुक्त फळ. परीक्षेत प्रश्न आला तर ही व्याख्या लिहावी. परसात कुदळ घेऊन उतरल्यावर ती विसरली तरी चालते. या लेखात बेरी हा शब्द स्वयंपाकघराच्या अर्थाने घेतला आहे : लहान, मऊ, रसाळ, सालीसकट खाता येणारे आणि तोडल्यावर फार काळ न टिकणारे फळ.

अशा फळांच्या लागवडीबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा महाबळेश्वर-पाचगणीचे असते, आणि इंग्रजीत जे असते ते इंग्लंड-अमेरिकेचे. उष्ण, सखल आणि धो धो पावसाच्या मुलखात राहणाऱ्याने काय करावयाचे, याचे उत्तर दोन्हींत मिळत नाही. म्हणून येथे मुद्दाम सिल्वासा हे ठिकाण घेतले आहे. गावकरी त्याला सेलवास म्हणतात. मराठी वाचकाला ते १९५४ च्या मुक्तिसंग्रामामुळे ठाऊक असते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले आणि त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत उतरले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. १९६१ मध्ये दादरा व नगर हवेली भारतात विधिवत विलीन झाली, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह तिचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. एका बाजूला गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसऱ्या बाजूला आपला पालघर जिल्हा, मधून दमणगंगा, आणि सुमारे चाळीस टक्के भूमी जंगलाखाली. वारली, कोकणा, धोडिया हे येथील मूळचे रहिवासी. कारखान्यांच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांच्या घरामागे पाच-सहा हात जमीन असते, आणि तिच्यात काय लावावे हा प्रश्न त्यांना पडतो.

हिवाळा नेमका कुठला?

पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकात बेरीच्या झाडांचा हिवाळा कसा काढावा यावर एक मोठे प्रकरण असते. मुळांवर पेंढा पसरा, कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्या, गोठणाऱ्या वाऱ्यापासून काड्या जपा, असे त्यात सांगितलेले असते. आपला एखादा हौशी वाचक ते वाचून डिसेंबरात झाडांवर पोती घालू लागतो. सिल्वासाला भर थंडीत रात्रीचे तपमान साधारणतः चौदा-पंधरा अंशांवर थांबते. तेथे थंडीपासून झाडाला वाचवावे असे काही नसते.

उलट अडचण थंडी न पडण्याची असते. रासबेरी, ब्लूबेरी यांसारख्या शीत प्रदेशातील झाडांच्या कळ्या शरद ऋतूत निद्रिस्त होतात. ही निद्रा मोडण्यासाठी त्यांना सुमारे शून्य ते सात अंश तपमानाचे शेकडो तास लागतात. काही जातींना हजाराच्या घरात लागतात. जणू झाड हे तास मोजत असते आणि हिशेब पुरा झाल्याशिवाय फुलत नाही. सिल्वासाच्या हिवाळ्यात या हिशेबात पडणारे तास शून्य. त्यामुळे असे रोप पाने काढते, एक-दोन वर्षे आशा दाखवते आणि फळ न देताच जाते. कमी थंडीवर भागणाऱ्या ब्लूबेरीच्या जाती आता निघाल्या आहेत हे खरे. पण त्यांना जमीनही साडेचार ते साडेपाच सामूची, म्हणजे चांगलीच आम्ल, लागते. ज्याला प्रयोगच करावयाचा आहे त्याने तो अवश्य करावा. ज्याला फळे खावयाची आहेत त्याने रंगीत चित्र पाहून रोपावर पैसे घालू नयेत.

मग आपल्याकडे झाडाला जपावे असा काळ कोणता? उत्तर रानाकडे पाहून मिळते. खानवेलच्या बाजूचा साग थंडीने पाने टाकत नाही, पाणी आटले म्हणून टाकतो. माघ-फाल्गुनात जंगल उघडे पडते ते तहानेमुळे. म्हणजे आपल्या रानाचा खरा हिवाळा चैत्र-वैशाखात असतो. दुसरा कठीण काळ आषाढ-श्रावणाचा. वर्षाचा दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे बहुतांशी चार महिन्यांत कोसळतो. जमिनीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, कारण पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. मुळे प्रथम गुदमरतात, मग बुरशीला बळी पडतात. वर पाने सुकलेली दिसतात, आणि घरचा माणूस पाण्याच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या झाडाला आणखी पाणी घालतो! परसात झाडे मरण्याचे हे फार मोठे कारण आहे.

तेव्हा सिल्वासाच्या परसात झाडाला वैशाख आणि आषाढ अशा दोन ऋतूंतून पार न्यावयाचे असते. निसर्गाने त्यासाठी तीन वाटा ठेवल्या आहेत. काही झाडे मुळाखोडासह तग धरतात, काहींना आपण छाटून त्यांची नवी पालवी योग्य महिन्यात आणू शकतो, आणि काही केवळ बीजरूपाने वाईट काळ काढतात. पुढे जी झाडे घेतली आहेत ती या तिन्ही प्रकारांतली आहेत.

डोंगरची काळी मैना

पहिला मान करवंदाचा. आपल्या कन्नड विभागातील मित्र याला कवळी म्हणतात. वैशाखात डोंगरची काळी मैना या हाळीने ते विकावयास येते. पानांच्या द्रोणात भरलेली काळी करवंदे घेऊन बसलेल्या आदिवासी बाया जव्हार-मोखाड्यापासून थेट या भागापर्यंत दिसतात. फळ चावून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ ज्याने खेळला नाही त्याचे बालपण जरा उणेच गेले म्हणावयाचे.

करवंदाला वैशाखाचे काही वाटत नाही. पाने जाड, चिवट आणि चकचकीत असल्याने बाष्पोच्छ्वास कमी होतो. मुळे मुरमाच्या भेगांतून खोल जातात. आणि उतारावर वाढण्याची सवय असल्याने पावसाचे पाणी त्याच्या पायाशी थांबत नाही. परसात लावताना हीच परिस्थिती त्याला द्यावी. काळ्या चिकण मातीच्या खळग्यात ते लावू नये. कुंपणाच्या कडेने मातीचा हातभर उंच वरंबा करून त्यावर लावले तर उत्तम.

बी ताजेच पेरावे लागते. पिकलेल्या फळातून काढून, धुऊन, सावलीत जरा सुकवून लगेच वाफ्यात टाकावे. डबीत ठेवून पुढच्या वर्षी पेरू म्हटले तर ते उगवत नाही, कारण या बियांची उगवणशक्ती फार लवकर नाहीशी होते. त्या पावसाळ्यात वाढलेली रोपे पिशवीत सांभाळून पुढील जूनमध्ये कायम जागी लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत सुमारे एक मीटर अंतर पुरते. निवडक झाडासारखेच झाड हवे असेल तर पावसाळ्यात गुटी बांधावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात दिली आहे. लोणच्याला ती फार चांगली, पण नुसते खाण्यासाठी माझे मत अजून रानच्या बारीक करवंदालाच आहे. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन एवढे केले की पुढे त्याच्याकडे पाहावे लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ दिसू लागते. छाटणी करावयाची ती फळे संपल्यावर, पावसाच्या तोंडाशी. जानेवारीत छाटले तर फुलांचे शेंडेच जातात.

येथे एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. करवंदाची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हाच चीक कण्हेरीला आणि पिवळ्या कण्हेरीलाही येतो, कारण ही तिन्ही झाडे एकाच कुलातील आहेत. पिवळी कण्हेर शोभेसाठी अनेक आवारांत लावलेली असते आणि तिचे फळ, विशेषतः आतील बी, अत्यंत विषारी आहे. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो. रस्त्याकडेच्या घाणेरीची काळी फळेही मुले तोंडात टाकतात. ती कच्ची असताना अपायकारक असतात. ज्या घरी लहान मुले आहेत आणि परसात खाण्याची झाडे आहेत, तेथे मुलांना फळाबरोबर पान, काटा आणि फूल पाहून झाड ओळखावयास शिकवावे, आणि पिवळी कण्हेर असलीच तर ती काढून टाकावी. करवंदाचा काटा जोडीने येतो, पाने समोरासमोर असतात, फूल पांढरे व सुवासिक असते. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकलेले कुलवर्णन असे घरातही कामाला येते.

तुती, फालसा, रसभरी आणि स्ट्रॉबेरी

तुतीला कन्नडमध्ये हिप्पुनेरळे म्हणतात. नेरळे म्हणजे जांभूळ. नावातच जांभळाशी नाते जोडलेले आहे. कर्नाटकात ती रेशमाच्या किड्यांसाठी लाखो झाडांनी लावली जाते आणि पाल्यासाठी वर्षातून अनेकदा छाटली जाते. याच गुणाचा परसात उपयोग करून घ्यावयाचा. तुतीचे फळ नव्या फुटव्यावर, पानांच्या बगलेत येते. म्हणून डिसेंबरच्या मध्यास पाणी तोडावे, उरलेली पाने ओरबाडून काढावीत, फांद्या निम्म्याने छाटाव्यात, आणि दोन-तीन आठवड्यांनी शेणखत देऊन पाणी सुरू करावे. थंडीने जी निद्रा दिली असती ती आपण कात्रीने आणि तहानेने दिली, एवढाच याचा अर्थ. नवी पालवी फळे घेऊनच येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते. पावसाच्या शेवटी पुन्हा हलकी छाटणी केली तर दुसरा बहारही मिळू शकतो.

तुतीची लागवड सर्वांत सोपी. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी जून-जुलैत मातीत खोचली की ती लागते. मात्र काडी फळ देणाऱ्या झाडाचीच घ्यावी. तुतीत नर आणि मादी झाडे पुष्कळदा वेगळी असतात, आणि नर झाडाखाली टोपली घेऊन वर्षानुवर्षे उभे राहिले तरी काही मिळत नाही. झाड पाच-सहा फुटांवर रोखून ठेवावे, नाहीतर फळ बुलबुलांचे आणि डाग आपल्या कपड्यांवर असा प्रकार होतो.

फालसाही याच तंत्रावर चालतो. डिसेंबर-जानेवारीत त्याला कमरेएवढा ठेवून छाटावे, म्हणजे नव्या काड्यांवर फुले येऊन एप्रिल-मेमध्ये फळे पिकतात. फळे एकदम पिकत नाहीत. दोन-तीन दिवसांआड वेचावी लागतात. आणि टिकतात एक-दोन दिवस. बाजारात फालसा क्वचित दिसतो तो यामुळेच. ज्याच्या परसात झाड आहे त्यालाच तो खरा मिळतो.

रसभरी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताची. वांगी-टोमॅटोच्या कुलातली असून कागदी वेष्टनात गुंडाळल्यासारखी दिसते. ते वेष्टन म्हणजे फुलाचा निदलपुंज, जो फळाबरोबर वाढत जातो. आपल्या शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी रानपोपटी तिचीच बहीण. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या किंवा कौलाच्या आडोशाला, पागोळी पडणार नाही अशा जागी, पसरट कुंडीत बी पेरावे. रोपे सप्टेंबरच्या अखेरीस जमिनीत लावावीत. त्याआधी लावली तर पावसात कोलमडतात. खत बेताचे, खत जास्त झाले की नुसता पाला माजतो. डिसेंबर ते मार्च फळे मिळतात. पिकलेले फळ वेष्टनासह आपोआप गळते, ते खालून वेचावयाचे. हिरवे फळ मात्र खाऊ नये, त्यात या कुलातील अपायकारक अल्कलॉइडे असतात. वेष्टन कोरडे ठेवले तर ही फळे परडीत काही आठवडे सहज राहतात. एप्रिलमध्ये झाड वाळते, वाळू द्यावे. एका चांगल्या फळाचे बी राखेत घोळून ठेवले की झाले. या झाडाचा उन्हाळा असा डबीतच निघतो.

स्ट्रॉबेरीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तेथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, आणि देशातील बहुतेक स्ट्रॉबेरी त्याच पट्ट्यात होते. सिल्वासा समुद्रसपाटीपासून काही थोड्या मीटरांवर. स्ट्रॉबेरीच्या रूढ जातींना कळी धरण्यासाठी लहान दिवस किंवा थंड हवा लागते. सिल्वासाला वर्षातील सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच असतो, त्यामुळे दिवसाच्या लांबीची अडचण फारशी नाही. अडवते ती उष्णता. ऑक्टोबरअखेर रोपे लावली तर डिसेंबर ते फेब्रुवारी थोडी फळे येतात, आणि मार्चच्या उन्हाबरोबर झाड फळे सोडून धावत्या फुटव्यांकडे वळते. कुंडी पसरट, भोके मोठी, माती भुसभुशीत. रोपाचा गड्डा मातीच्या बरोबर पातळीवर, कारण पुरला तर कुजतो आणि वर राहिला तर वाळतो. फळे मातीला टेकू नयेत म्हणून खाली भाताचा पेंढा पसरावा. या भागात भात पुष्कळ, तेव्हा पेंढ्याला तोटा नाही. जुनी रोपे पावसाळ्यातून काढावयाची असतील तर कुंड्या विटांवर उचलून पागोळीपासून दूर छपराखाली ठेवाव्या लागतात. तरीही बरीच जातात. महाबळेश्वरचे शेतकरीदेखील मातृरोपे नव्याने आणतात आणि पावसाळाभर रोपवाटिकेत वाढवून सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात. सखल भागातील घरगुती बागवानाने स्ट्रॉबेरीला झेंडूसारखे एका हंगामाचे पाहुणे मानावे. चार कुंड्यांतून मुलांची हौस भागते, बरण्या भरत नाहीत.

बरण्या भरण्याचे शास्त्र

फळे नासतात ती मुख्यतः जीवाणू, किण्व आणि बुरशी यांच्यामुळे, आणि फळाच्या स्वतःच्या विकरांमुळे. या सूक्ष्म जीवांना पाणी लागते. पाणी उन्हाने काढून घेतले तर ते आमसूल होते. मिठाने अडवले तर लोणचे, साखरेने अडवले तर मुरंबा. साखर साधारण पासष्ट टक्क्यांपर्यंत गेली की तर्षणाने सूक्ष्म जीवांच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि त्यांची वाढ थांबते. ज्या आजीने तर्षण हा शब्द कधी ऐकला नाही तिच्याही मुरंब्यात हेच घडत होते.

दुसरा पहारेकरी आम्लता. ज्या पदार्थाचा सामू ४·६ च्या खाली आहे त्यात बॉट्युलिझमचे घातक जीवाणू वाढत नाहीत. म्हणून करवंद, फालसा, स्ट्रॉबेरी यांसारखी आंबट फळे घरी बाटलीबंद करण्यात तो धोका नसतो, आणि मटार किंवा मक्याचे दाणे घरी हवाबंद करणे मात्र धोक्याचे असते. तुती ही सीमेवरची. पूर्ण पिकलेल्या गोड तुतीचा सामू पुष्कळदा ४·६ च्या वर असतो. तुतीच्या जॅममध्ये लिंबाचा रस भरपूर घालावयाचा तो चवीच्याही आधी यासाठी.

आता जेली. जेली धरते ती पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांच्या मेळाने. पेक्टिन सुमारे एक टक्का, सामू तीनच्या थोडा वर, साखर पासष्ट टक्के, असा तो मेळ. कच्च्या फळात पेक्टिनचे पूर्वरूप असते, फळ पिकू लागले की त्याचे पेक्टिन होते, आणि फार पिकले की विकर त्याचेही तुकडे करतात. यामुळेच अगदी काळ्या, लिबलिबीत करवंदांची जेली होत नाही, पाकच राहतो. निम्मी गुलाबी व निम्मी काळी अशी घ्यावीत. चीक जावा म्हणून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवावीत, धुवावीत, चिरा द्याव्यात, बुडतील इतकेच पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटे मंद शिजवावीत. भांडे स्टीलचे किंवा सुस्थितीतील एनॅमलचे. पितळ-तांबे नको, आम्ल त्यांना खाते. मग मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगावे. पिळू नये. पिळले की रस गढूळ होतो, आणि जेलीचे अर्धे सौंदर्य तिच्या पारदर्शकतेत आहे.

पेक्टिन किती आहे हे घरी पाहता येते. चमचाभर गार रसात दोन चमचे स्पिरिट घालून पेला हळूच हलवावा. एक घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, तेव्हा वाटीला वाटी साखर. गोळ्याचे दोन-तीन तुकडे झाले तर पाऊण वाटी. बारीक चुरा झाला तर रस आणखी आटवावा. परीक्षेचा हा रस लगेच फेकून द्यावा, चाखू नये.

साखर विरघळल्यावर रस मोठ्या आचेवर उकळावयाचा. पुस्तके सांगतात की १०५ अंश सेल्सिअसला जेली झाली. हे समुद्रसपाटीचे गणित आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणीच लवकर उकळते. दर तीनशे मीटरला उकळबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. सिल्वासाला पाणी जवळजवळ शंभरावर उकळते, बेळगावला सुमारे साडेसत्त्याण्णववर, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. म्हणून सिल्वासाला जेली १०५ वर उतरवावी, बेळगावला १०२ वर, आणि महाबळेश्वरला शंभरावरच. महाबळेश्वरला १०५ ची वाट पाहणाऱ्याच्या हाती गोळी पाक येईल. सोपा उपाय असा की आपल्या तपमापकाने आधी उकळते पाणी मोजावे आणि त्यात पाच मिळवावेत. तपमापक नसेल तर पळीतून रस सोडून पाहावा. थेंब वेगवेगळे न पडता कडेला एकत्र होऊन पापुद्र्यासारखा सुटला की झाले.

तुतीत पेक्टिनही कमी. तिच्या जॅमला बाजारची पेक्टिन पूड आणण्याचे कारण नाही. तुतीच्या हंगामातच कवठे येतात, आणि कवठाचा गर पेक्टिनने समृद्ध असतो. कवठाचा गर पाण्यात शिजवून गाळलेला रस तुतीच्या लगद्यात चौथा हिस्सा घातला तर जॅम छान धरतो आणि चवीला एक कोवळा आंबटपणा येतो. रसभरीला असली मदत लागत नाही, तिचा जॅम साखर आणि किंचित लिंबावरच होतो.

फालसा शिजवू नये. रंग आणि वास दोन्ही जातात. पाण्यात कुस्करून, गाळून, साखर घालून सरबत करावे. काही महिने ठेवावयाचे असेल तर परिरक्षक लागते. येथे एक गोष्ट रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे स्वस्त व चांगले परिरक्षक खरे, पण त्यातून सुटणारा सल्फर डाय-ऑक्साइड अँथोसायनिन रंगद्रव्ये फिकी करतो. लिंबाच्या किंवा आंब्याच्या सरबताला ते चालते. फालसा, करवंद, तुती यांना सोडियम बेंझोएट घ्यावे, किलोमागे सुमारे अर्धा ग्रॅम, तोलून. चिमटीचा अंदाज येथे उपयोगाचा नाही.

मिठाईच्या दुकानात केकवर किंवा पानाच्या विड्यावर जी तांबडी ‘चेरी’ लागते, ती पुष्कळदा करवंदच असते. बी काढून, रंग देऊन, दिवसागणिक पाक दाट करीत साखरेत मुरवलेले. एकदम दाट पाकात टाकले तर फळ आकसून सुरकुततं. पाक हळूहळू चढवला तर पाण्याची जागा साखर घेते आणि फळ टपोरे राहते. घरी रंग न घालता केली तर तपकिरी-जांभळी होतात, पण चव उत्तम.

वाळवणाचे धडे शेजारीच आहेत. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, तेथे चकत्या करून वाळवला जातो. गुजरातकडे रायणीची पिवळी फळे वाळवून वर्षभर खातात. याच रायणीच्या रोपावर चिकूचे कलम बांधतात हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. कोकमाची साले त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात घातली की आमसुले होतात. सिल्वासाला हे सारे मेअखेर उरकावे लागते. जूनच्या पहिल्या ढगानंतर घातलेले वाळवण वाळत नाही, बुरसते.

बरण्यांची खरी परीक्षाही पावसातच होते. बरण्या पाण्यात वीस मिनिटे उकळून, कोरड्या करून, जेली गरम असतानाच काठोकाठ भरावी. वर वितळलेल्या शुद्ध मेणाचा पातळ थर दिला की हवा बंद होते. चिठ्ठीवर फळाचे नाव आणि तारीख लिहावी. फडताळ अंधारे असावे, कारण उजेडाने स्ट्रॉबेरीचा आणि तुतीचा रंग विटतो. आषाढात एकदा सर्व बरण्या उघडून न पाहता नुसत्या बाहेरून तपासाव्यात. झाकण फुगलेले असेल, कडेने फेस किंवा बुडबुडे दिसत असतील, तर आत किण्वन सुरू झाले आहे. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच चमच्याने काढून बाकीचे खाण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. ती बरणी परसात रिकामी करावी, झाडांच्या बुडाशी नको, मुंग्या लागतात. खताच्या खड्ड्यात टाकावी.